मदत हवी आहे: ‘एइ’ कांजीचा शेवटचा फटकारा जमत नाहीये

मंडळी, ब्रशने कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, लिहिणारं कुणी आहे का इथे? सध्या ‘एइ’ (永) गिरवतोय. अर्थ चिरंतन, ‘एइएन’ म्हणजे अनंतकाळ, त्यातलं पहिलं अक्षर. फटकारे पाचच, पण त्यात ब्रशच्या आठ मूळ हालचाली येतात, म्हणून शोदो, म्हणजे जपानी सुलेखन, शिकणाऱ्यांना ते हमखास गिरवायला लावतात. या पद्धतीला ‘एइजी हाप्पो’ म्हणतात.

पहिला ठिपका ठीक येतो. दुसरा फटकारा आडवा, मग ब्रश न उचलता खाली आणि शेवटी डावीकडे आकडा, तोही निभावतो. घोडं अडतं पाचव्यापाशी. तिरकं उजवीकडे उतरताना दाब वाढवत न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग उजवीकडे सरकवत ब्रश हळूहळू उचलायचा. याला ‘हाराइ’ म्हणतात. माझी शाई थांबल्या जागी पसरते आणि उचलताना केस फाकून टोकाला दोन शेपट्या फुटतात! हाताला बोरूची सवय, तो तिरका धरायचा. हा ब्रश उभा. त्याचाच परिणाम असेल का?

शाई दाट करू, की हान्शी (सुलेखनाच्या सरावाचा) कागद बदलू? थांबल्यावर ब्रशचं टोक आधी गोळा करून घ्यायचं असतं का?

आणि एक. या अक्षराचं मूळ कुणी फाटे फुटलेला पाण्याचा प्रवाह सांगतं, कुणी पोहणारा माणूस. तुमच्या कोशात काय दिलंय? व्हिडिओपेक्षा हाताची, मनगटाची स्थिती शब्दांत सांगितलीत तर जास्त उपयोग होईल.