हॉस्पिटलच्या किचनमधलं जेवण की घरचा डबा?

मेघा_कोथरूड:
सासऱ्यांचं किमो चालू आहे, काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) खाली आलेत म्हणून अ‍ॅडमिट केलंय. दुपारचा वरणभात ट्रॉलीतून येईस्तोवर पार कोमट, परवा तर सोबत चिरलेली काकडी पण होती. सिस्टर म्हणतात घरचा डबा चालणार नाही. अहो घरी मी निदान माझ्या डोळ्यांसमोर करते, मग हे सेफ कसं?

कढईवाला:
मी एका हॉस्पिटलच्या किचनलाच आहे (तुमच्या नाही, घाबरू नका). नियम साधा आहे, गरम ते 60 डिग्रीच्या वर आणि थंड ते 5 च्या खाली, मधल्यात जंतूंची चंगळ. आम्ही ताटं लावताना वरणात प्रोब थर्मामीटर बुडवून आकडा रजिस्टरला लिहितो, पण खरा घोळ त्यानंतर होतो, लिफ्ट येत नाही आणि ट्रॉली तशीच उभी. त्यात भात महा बेरकी. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात बराच वेळ कोमट राहिला की वाढतात, आणि उलट्या करणारं त्यांचं विष परत गरम करून जात नाही. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये फिरवून आणा म्हणू नका, ताट बदलून मागा. डायटिशियनला सरळ विचारा, आमच्या मजल्यावर पोचताना टेंपरेचर किती असतं?

सुनीताताई:
मेघा, सिस्टरचं बरोबर आहे गं. तुझा डबा सकाळी भरणार, रिक्षा, ट्रॅफिक, मग वॉर्डात कपाटावर. तोही कोमटच की! काकडीचं म्हणशील तर कच्चं बंद करून खरंच फायदा होतो का यावर डॉक्टरांचंच एकमत नाही, तुमचे डॉक्टर सांगतील ते ऐक.

लीड्सवाला_पाटील:
इकडे इंग्लंडात आमच्या जवळच वेकफिल्डला 1984 मध्ये स्टॅनली रॉइड हॉस्पिटलात साल्मोनेला जंतूमुळे 19 पेशंट गेले, शिजवलेलं बीफ फ्रिजबाहेर राहिलं होतं. आणि कहर म्हणजे सरकारी हॉस्पिटलच्या किचनवर तेव्हा खटलाच भरता येत नव्हता, ती सवलत 1987 मध्ये काढली.

कढईवाला:
आपल्याकडे तसं नाही, एफएसएसएआयचं (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) लायसन्स लागतं, 14 आकडी नंबर दिसेल असा लावायचा, स्टाफची वर्षाला मेडिकल तपासणी. ऐकलं नाही तर एफडीएकडे (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) तक्रार करा.

मेघा_कोथरूड:
नंबर खाली कँटिनच्या दारावर आहे, पण ते वेगळ्या ठेकेदाराचं आहे म्हणे?

कढईवाला:
मग तो चालायचा नाही, लायसन्स जागेगणिक असतं. पेशंटचं जेवण जिथे बनतं तिथला नंबर मागा.