कोन उघडा आहे, तरी डोळ्याचा दाब वाढतो कसा?

दक्षिण कसबा

नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे असून त्यांची सारी उमेदीची वर्षे सोलापुरात यंत्रमागावर गेली. चष्म्याचा नंबर तपासावा म्हणून गेल्या महिन्यात त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे नेले, तेव्हा दोन्ही डोळ्यांचा दाब २८ निघाला आणि काचबिंदूचे निदान झाले. डॉक्टरांनी आरसा बसवलेली भिंगासारखी काच डोळ्याला टेकवून आतला कोन पाहिला आणि ‘कोन पूर्ण उघडा आहे, पण पाण्याचा निचरा होत नाही’ असे सांगितले. बाहेर रांग मोठी होती, त्यामुळे पुढचे विचारायचे राहून गेले. तोंड उघडे असेल तर पाणी नेमके अडते कुठे? शिवाय वडिलांच्या डोळ्यांतून दिवसभर पाणी गळत असते. मग निचरा होत नाही असे कसे म्हणायचे?

जुनी स्लाइड

मी वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षे ऊतिशास्त्र, म्हणजे शरीरातल्या ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची रचना, शिकवले, तेव्हा रचनेपुरतेच सांगतो. दुसरा प्रश्न आधी निकालात काढू. गालावर ओघळतात ते अश्रू. ते डोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचे पाणी असून एरवी नाकात उतरणाऱ्या नळीने निघून जाते. दाब ठरवणारे पाणी, म्हणजे नेत्रजल, आतल्या आत रोमक पिंडात (बुबुळाच्या रंगीत पडद्यामागच्या कड्यासारख्या भागात) तयार होते, बाहुलीतून पुढच्या कप्प्यात येते आणि तिथून रक्तात मिसळते. मिनिटाला सुमारे २.५ मायक्रोलिटर, म्हणजे अख्ख्या दिवसात चमचाभरही नाही. पण पुढचा कप्पाच जेमतेम पाव मिलिलिटरचा असल्याने दीड-पावणेदोन तासांत त्यातले सगळे पाणी बदललेले असते.

आता कोन. पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि परितारिका (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) जिथे भेटतात ती ही खाच. आरशाच्या काचेतून डॉक्टरांना जे दिसते ते मोरीचे तोंड. मोरीच्या आत काय चालले आहे ते त्या काचेतून दिसत नाही. या तोंडाशी ट्रॅबेक्युलर मेशवर्क नावाची जाळी असते. तिचा सर्वांत आतला थर दोऱ्यांसारखा असून त्याच्या फटी २५ ते ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतात. त्यामागे एकावर एक रचलेली, भोके असलेली पाती येतात आणि ती भोके बाहेरच्या बाजूला लहान होत जातात, साधारण १५ पासून २ मायक्रॉनपर्यंत. या दोन्ही थरांतून पाणी फारसे न अडता जाते. खरी अडचण त्यानंतरच्या दहा-एक मायक्रॉनमध्ये आहे, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात. तिथे पाती संपतात, विरळ विखुरलेल्या पेशी आणि त्यांच्याभोवतीचा जेलीसारखा पदार्थ उरतो, आणि त्याला चिकटून श्लेमच्या नलिकेची आतली भिंत असते. ही नलिका पारपटलाभोवती कड्यासारखी फिरते. फ्रीडरिक श्लेम या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८३० मध्ये तिचे वर्णन केले. स्लाइडवर मात्र ती एक रिकामी फट दिसते आणि काप घेताना ऊती फाटली असावी असे समजून विद्यार्थी दरवर्षी तिच्यावरून पुढे सरकत.

त्यांना थांबवून मी ती आतली भिंत जास्त मोठी करून दाखवत असे. तिथल्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात, त्यामुळे पाणी खालून रेटते तेव्हा पेशी नलिकेच्या पोकळीत फुग्यासारखी फुगते, केंद्रक एका कडेला दाबले जाते आणि सगळी आकृती खडा बसवलेल्या अंगठीसारखी दिसते. या फुग्यांच्या पडद्याला बारीक छिद्रे पडतात आणि पाणी नलिकेत उतरते. गंमत अशी की डोळ्यात दाबच नसताना तो फॉर्मलिनमध्ये, म्हणजे ऊती आहे तशी टिकवणाऱ्या द्रावणात, घातला, तर हे फुगे फार थोडे सापडतात. दाब कायम राखून ऊती स्थिर केली तरच ते भरपूर दिसतात. म्हणजे ही ठरावीक मापाची भोके नव्हेत; रेटा पाहून पेशी स्वतःचा आकार बदलते.

नलिकेतून पुढे २५ ते ३५ बारीक वाहिन्यांनी पाणी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील शिरांमध्ये पोचते. त्या शिरांचा दाब ८ ते १० असतो. निरोगी डोळ्याचा दाब १५ धरला तर पाण्याला पुढे ढकलायला पाच-सात मिलिमीटर पाऱ्याएवढाच फरक उरतो, आणि त्यातला बहुतेक त्या दहा मायक्रॉनमध्येच खर्ची पडतो. तिथला अडथळा वाढला की तेवढेच पाणी बाहेर काढण्यासाठी डोळ्याला आतला दाब चढवावा लागतो. कोन उघडा असून दाब २८ होतो तो असा.

ताणाबाणा

मी चादरीच्या कारखान्यात डिझाइनचे काम पाहतो, त्यामुळे जाळी म्हटली की दर इंची किती धागे हेच मनात येते. पाण्याच्या दृष्टीने २ मायक्रॉनचे भोकसुद्धा दरवाजाएवढे असणार. मग शेवटचा थर त्याहून घट्ट विणीचा आहे, असे समजायचे का?

जुनी स्लाइड

तो विणलेला नाहीच, त्यामुळे धागे मोजण्याचा हिशेब तिथे लागू पडत नाही. धनगरी घोंगडी पावसात भिजली की लोकर फुगते आणि पुढचे पाणी सहज आत शिरत नाही. तो गुण विणीइतकाच फुगलेल्या तंतूंचा असतो. त्या थरात लांब साखळ्यांची शर्करायुक्त रसायने पाणी धरून फुगलेली असतात आणि नेत्रजलाला त्यांच्यामधून वाट काढावी लागते. शिवाय मागच्या भिंतीला छिद्रे मोजकीच, त्यामुळे सगळे पाणी नरसाळ्यात ओतल्यासारखे त्या थोड्या जागांकडे वळते आणि अडथळा आणखी वाढतो. एक फरकही सांगतो: घोंगडी निर्जीव आहे, जाळीतल्या पेशी मात्र पाण्याबरोबर आलेले रंगकण आणि कचरा गिळून ती साफ ठेवतात. वयाबरोबर या पेशींची संख्या घटते.

स्लिटलॅम्प

मी दृष्टितपासनीस आहे. वरच्या विवेचनात दुसरी वाट राहिली. काही पाणी जाळीत न शिरता रोमक स्नायूच्या तंतूंमधून मागे झिरपते आणि श्वेतपटलातून, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या आवरणातून, बाहेर पडते. या वाटेला नळी नाही की अस्तर नाही, आणि डोळ्यातला दाब वाढला म्हणून तिचा प्रवाह फारसा वाढत नाही. रात्री एकदा घालायचे लॅटॅनोप्रॉस्टचे थेंब मुख्यतः इथेच काम करतात: स्नायूंच्या तंतूंमधला भराव विरघळवणारी एन्झाइम वाढतात आणि वाट मोकळी होते. टिमोलॉल मात्र निचऱ्याला हात लावत नाही, ते नेत्रजलाची निर्मितीच कमी करते.

मूळ वाटेचे शेवटचे टोक मात्र जिवंत डोळ्यातही बघायला मिळते. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागावर क्वचित अशी शीर सापडते की तिच्यात लाल रक्त आणि स्वच्छ पाणी न मिसळता शेजारीशेजारी वाहत असतात. कार्ल आशर यांनी १९४२ मध्ये या जलशिरांचे वर्णन केले. मला पहिल्यांदा दिसली तेव्हा रुग्णाची हनुवटी टेकणीवर तशीच ठेवून मी नको तितका वेळ पाहत बसलो होतो.

दक्षिण कसबा

आपल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना लॅटॅनोप्रॉस्टच दिले आहे. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना सांगायची राहिली. सुताच्या धुळीने डोळे लाल होतात म्हणून आमच्या पेठेतल्या औषधांच्या एका दुकानातून ते आठ-नऊ महिने चिठ्ठीशिवाय थेंब आणत होते आणि अधूनमधून अजूनही घालतात. बाटलीवर डेक्सामेथासोन लिहिले आहे. याचा काही संबंध असू शकतो का?

जुनी स्लाइड

असू शकतो, आणि दाट. हे स्टेरॉइड आहे. काही लोकांमध्ये त्यामुळे त्याच दहा मायक्रॉनच्या थरात भराव साचतो, जाळीतल्या पेशींचा आतला सांगाडा ताठर होतो आणि त्यांची कचरा गिळण्याची शक्ती मंदावते. कोन तेव्हाही उघडाच दिसतो. स्टेरॉइड वेळीच थांबले तर दाब अनेकदा काही आठवड्यांत उतरतो, परंतु दृष्टिचेतेची (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची) झालेली हानी भरून येत नाही. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. उद्याच बाटली खिशात घालून वडिलांना घेऊन जा, किती महिने घातली तेही डॉक्टरांना सांगा, आणि काचबिंदूचे थेंब मात्र स्वतःहून बंद करू नका.

दक्षिण कसबा

उद्या सकाळीच जातो. बाटली आत्ताच त्यांच्या हातातून काढून घेतली. ‘एवढ्याशा थेंबाने काय होतंय’ म्हणून ते रागावले आहेत.