मदत हवी आहे: 212 केंद्रकं हाताने रेखाटली, पायथन म्हणतो 171

पेशीमोजणी

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. एमसीएफ-7 या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना औषध द्यायचं आणि डीएनए किती ठिकाणी तुटला ते मोजायचं, असं काम. डॅपी या रंगाने केंद्रकं निळी उजळतात, आणि डीएनएचे दोन्ही धागे जिथे तुटलेत तिथे गॅमा-एचटूएएक्स या प्रथिनाचे हिरवे ठिपके दिसतात. मला दर केंद्रकामागे किती ठिपके ते हवंय. म्हणजे आधी प्रत्येक केंद्रकाचा वेगळा मास्क (कुठले पिक्सेल त्याचे ते दाखवणारा नकाशा) हवा, आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

इमेजेस 48 आहेत. 40 पट ऑब्जेक्टिव्ह, कॅमेऱ्याचा पिक्सेल 6.5 मायक्रॉनचा, 2048 बाय 2048, 16 बिट टिफ.

आधी फिजी या इमेज-प्रोग्रॅममध्ये ओत्सूचा थ्रेशोल्ड (उजळ आणि काळं वेगळं करणारी मर्यादा) लावला, मग चिकटलेले आकार कापणारं वॉटरशेड. पण या पेशी सुट्या राहतच नाहीत, एकमेकींना खेटून बेटं करतात. वॉटरशेडने गोल केंद्रकं बऱ्यापैकी सुटी केली, पण घेवड्याच्या दाण्यासारखी वाकडी होती ती मधोमध कापली, आणि खरोखर चिकटलेल्या काही जोड्या तशाच ठेवल्या. फिकट केंद्रकं तर धरलीच नाहीत.

शेवटी चार संध्याकाळी बसून 6 इमेजेसमधली 212 केंद्रकं माउसने रेखाटली. मनगट अजून दुखतंय. सगळे आरओआय (रेखाटलेले आकार) निवडले, एकत्र केले, क्रिएट मास्क दाबलं, पीएनजी साठवला. पायथनमध्ये उघडून जोडलेले भाग मोजले तर सगळे मिळून 171. माझी 41 केंद्रकं गेली कुठे? उरलेल्या 42 इमेजेस हाताने करायच्या म्हटल्या तर माझा प्रबंध पुढच्या पिढीला पुरा करावा लागेल. गाईड म्हणतात, "सॉफ्टवेअर आहे ना?" आहे हो सर.

काळाचहा

चार संध्याकाळी वाया गेलेल्या नाहीत, घाबरू नका. आरओआयची झिप फाइल जपून ठेवली आहे ना? मग सगळं आहे.

घोळ "एकत्र केले" इथे झालाय. तुम्ही दर इमेजमध्ये वेगवेगळ्या रेषा दिल्या आणि फिजीने त्यांचा एकच आकार केला: आत 255, बाहेर 0. खेटून असलेल्या दोन केंद्रकांमध्ये 0 चा एकही पिक्सेल उरला नाही, की पायथनसाठी ते एकच केंद्रक. दोन शेतांमधला बांध नांगरून टाकला आणि आता तलाठ्याला विचारताय की शेतं किती.

असा दोनच रंगांचा मास्क तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला लेबल इमेज हवी: पार्श्वभूमी 0, पहिल्या केंद्रकाचे सगळे पिक्सेल 1, दुसऱ्याचे 2, असं पुढे. मग दोन केंद्रकं कितीही बिलगली तरी 7 ते 7 आणि 8 ते 8.

फिजीतच होतं. मूळ इमेजच्याच मापाची 16 बिट काळी इमेज उघडा आणि छोटा मॅक्रो (फिजीला द्यायच्या सूचनांची यादी) लिहा: प्रत्येक आरओआय निवडायचा आणि आतल्या पिक्सेलना त्याचा क्रमांक द्यायचा. टिफमध्येच साठवा. जेपीईजी तर मास्कच्या आसपासही फिरकू देऊ नका, कडांवर भलतेच आकडे पेरतं.

रत्नांग्रीकर

काळाचहांशी सहमत. पायथनने करणार असाल तर एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो, मी स्वतः त्यात दोन दिवस पडून होतो. फिजी आरओआयचे बिंदू आधी आडवा, मग उभा असे देतं. पायथनच्या सायकिट-इमेज लायब्ररीतलं बहुभुज भरणारं फंक्शन आधी ओळ मागतं, मग स्तंभ. अदलाबदल केली नाही तर मास्क कर्णावर उलटा पडतो. तुमची इमेज चौरस आहे, त्यामुळे एररसुद्धा येणार नाही. डॅपीवर मास्कच्या कडा ठेवून एकदा डोळ्यांनी बघाच.

पेशीमोजणी

झिप आहे! मॅक्रो लिहिला, पण दोन गोष्टी विचित्र. एक, इमेज ठार काळी दिसते. दोन, माउस फिरवला की आकडे दिसतात, पण पहिल्या इमेजमध्ये केंद्रकं 36 आणि सगळ्यात मोठा आकडा 351. मधले 11, 21, 31 असे. हे काय गौडबंगाल?

काळाचहा

काळी दिसणारच. 65535 पर्यंतच्या पट्टीवर 1 ते 36 म्हणजे अमावस्याच. लुकअप टेबलांत (रंगांच्या तक्त्यांत) ग्लास्बी निवडा, प्रत्येक लेबल वेगळ्या रंगात दिसेल. आकडे तेच राहतात, फक्त दिसणं बदलतं.

351 वर मात्र मोठ्याने हसलो, माफ करा. मॅक्रोत "व्हॅल्यू=" या मजकुरापुढे आय (0 पासून मोजलेला क्रमांक) आणि त्यापुढे 1 अधिक करून लिहिलंय ना? डावीकडे मजकूर असला की फिजी बेरीज करत नाही, आकडे शेजारी चिकटवतं. आय 35 असेल तर 35 च्या पुढे 1, म्हणजे 351. आय अधिक 1 हे कंसात घाला, सुटेल.

खरं तर हे आकडेही वेगवेगळेच आहेत, त्यामुळे मोजणी बिघडली नसती. पण कधी 8 बिटमध्ये बदललं असतंत तर फिजीने सगळा पल्ला 0 ते 255 मध्ये दाबून बसवला असता आणि शेजारची लेबलं एक झाली असती. लेबल इमेज 8 बिट करायची नाही. लहान-मोठी करायची वेळ आली तर इंटरपोलेशन (मधल्या किमती अंदाजाने भरणं) बंद ठेवून, नाहीतर 7 आणि 9 च्या सीमेवर 8 नंबरचं भुताटकी केंद्रक उगवतं.

झूमबराबर

मी वेगळंच विचारतो. हाताने काढायचंच कशाला? केंद्रकं आपोआप शोधणारं सेलपोज आहे, स्टारडिस्ट आहे. 2026 मध्ये कोण माउसने केंद्रकं गिरवतं?

पेशीमोजणी

सेलपोज लावून बघितलं हो. लॅबच्या संगणकावर जुनी आवृत्ती आहे, केंद्रकांचं तयार मॉडेल घेतलं. एकेका केंद्रकाचे तीन-तीन तुकडे झाले. मग धीर सुटला.

रत्नांग्रीकर

व्यास किती दिला होता? हात लावला नसेल तर उत्तर तिथेच आहे. 6.5 भागिले 40 म्हणजे तुमचा एक पिक्सेल 0.1625 मायक्रॉन. केंद्रक सुमारे 12 मायक्रॉनचं धरलं तर 74 पिक्सेल. जुन्या सेलपोजमधलं केंद्रकांचं मॉडेल 17 पिक्सेल व्यासावर शिकलंय, आणि तुम्ही सांगितलेल्या व्यासावरून ते इमेज लहान-मोठी करून घेतं. आधीपासून भरलेला 30 तसाच ठेवलात तर त्याला तुमचं केंद्रक अडीचपट मोठं दिसतं, मग ते आतल्या पोताचेच तुकडे पाडतं. 74 देऊन बघा. नव्या आवृत्तीत व्यासावरून इतकं अडत नाही.

झूमबराबर, हातकाम तरी पूर्ण टळत नाही. तयार मॉडेल तुमच्या पेशींवर किती चुकतं हे कळायला हाताने काढलेलं काहीतरी लागतंच.

काळाचहा

आणि शिकवायलाही. 2022 च्या सेलपोज 2.0 च्या पेपरात हेच दाखवलंय: आधी शिकलेल्या मॉडेलला 500 ते 1000 आरओआय दिले की ते जवळजवळ मोठ्या डेटावर शिकल्यासारखं चालतं. आणि मॉडेलने काढायचं, माणसाने दुरुस्त करायचं, पुन्हा शिकवायचं, असं केलं तर 100 ते 200 पुरतात. तुमच्याकडे 212 आहेत! 4 इमेजेस शिकवायला घ्या, 2 बाजूला ठेवा. त्या 2 कुठल्याही फेरीत मॉडेलला दाखवायच्या नाहीत. जमल्यास त्या वेगळ्या स्लाइडवरच्या असू द्या, एकाच स्लाइडवरच्या इमेजेस सख्ख्या भावंडांसारख्या असतात.

शिकवायच्या इमेजमध्ये फिकट केंद्रकं सोडली आहेत का ते मात्र आता तपासा. जे रेखाटलं नाही ते मॉडेलच्या लेखी पार्श्वभूमी. अर्धी फिकट केंद्रकं सोडलीत तर ते फिकट सोडायलाच शिकेल, आणि तुम्ही पुन्हा ओत्सूच्या दारात. तो थ्रेशोल्ड सगळ्या इमेजचा एकच हिस्टोग्राम बघून दोन गट पाडतो. विभाजन चालू असलेल्या दोन-चार लखलखीत पेशी असल्या की मर्यादा वर ओढली जाते आणि फिकट केंद्रकं बाहेर पडतात.

अदिती_सोलापूर

उशिरा आले. पेशीमोजणी ताई, रेखाटताना हिरवा चॅनेल चालू होता का? असेल तर बंद करा. ठिपके दिसत असले की हात नकळत ठिपका आत घेऊन रेष वळवतो. ज्याचं मोजमाप करायचं त्याच्यावरून मास्क ठरवायचा नाही, फक्त डॅपीवरून. फाइलींची नावंही कोणाकडून तरी बदलून घ्या, म्हणजे औषधाची कुठली आणि बिनऔषधाची कुठली हे रेखाटताना तुम्हालाच कळणार नाही.

आणि ब्राइटनेसच्या खिडकीत "अप्लाय" दाबू नका. पट्टी हलवली की फक्त दिसणं बदलतं, अप्लायने पिक्सेलच्या किमतीच बदलतात. आमच्याकडे एकाची अख्खी प्लेट यात गेली.

पेशीमोजणी

हिरवा चालू होता. दोन इमेजेसमध्ये. परत रेखाटते, इलाज नाही.

बाकी बातमी चांगली. कंस घातला, सहाही इमेजेसची लेबलं मोजली, बरोबर 212. व्यास 74 दिल्यावर सेलपोजचे तुकडे थांबले. अजून न शिकवताच बाजूला ठेवलेल्या 2 इमेजेसवर 70 पैकी 61 केंद्रकं माझ्या रेषांशी जुळली, अर्ध्याहून जास्त क्षेत्र सामायिक असलं तरच जुळलं असं धरून. चुकलेली बहुतेक फिकट आहेत.

सगळ्यात लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. औषध न दिलेल्या पेशींतही काही केंद्रकांत चाळीसच्या वर ठिपके दिसत होते, आणि मी महिनाभर त्याला कारणं शोधत होते. लेबलं लावल्यावर कळलं, त्यातली बरीचशी दोन-दोन केंद्रकं चिकटलेली होती.

शेवटचा प्रश्न: विभाजन चालू असलेल्या लखलखीत पेशी रेखाटायच्या की सोडायच्या?

अदिती_सोलापूर

रेखाटायच्या, नाहीतर मॉडेल गोंधळेल. पण ठिपके मोजताना वगळायच्या. विभाजनाच्या वेळी गॅमा-एचटूएएक्स इजा नसतानाही वाढतं. क्षेत्रफळ लहान आणि डॅपीची सरासरी जास्त, अशी चाळणी लावली की त्यातल्या बऱ्याच सापडतात. चाळणीतून सुटलेल्या डोळ्यांनी बघा.