कार्यकारिणीला बैठक भत्ता द्यावा की नाही?

तीन_लेथ
आमच्या भोसरीतल्या लघुउद्योजक संघटनेची निवडणूक जवळ आलीये. नेहमीप्रमाणे "कोणीतरी उभं राहा हो" असे फोन चालू आहेत आणि नेहमीप्रमाणेच शेवटी जुनीच मंडळी बिनविरोध येणार. संघटनेचं नाव लिहीत नाही, बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा आहे.

माझं मत: कार्यकारिणीला बैठकीमागे भत्ता द्या. 'निःस्वार्थ सेवा' ऐकायला छान, पण ती परवडते कुणाला? ज्याचा मुलगा आता वर्कशॉप बघतो त्याला, नाहीतर ज्याच्याकडे सुपरवायझर आहे त्याला. दोन मशीनवाला स्वतःच ऑपरेटर, आणि माल पोचवायला टेम्पोत स्वतःच बसणारा. तो महावितरणच्या कार्यालयात अर्धा दिवस बसला तर त्याचं त्या दिवसाचं काम बुडालं. मग टेबलाभोवती मोठेच बसतात आणि विषयही मोठ्यांचेच येतात. गेलं वर्ष प्रदर्शनातला स्टॉल कुठल्या कोपऱ्यात यावर गेलं. थकलेल्या पेमेंटचा विषय 'वेळेअभावी पुढील सभेत'.

निवृत्त_टूलरूम
साफ असहमत. भत्ता सुरू केलात की बैठका वाढतील, कामं नाही. मी तीन अध्यक्षांबरोबर काम केलंय. गुरुवारी भोसरीत कारखान्यांना सुट्टी, तोच आमचा बैठकीचा दिवस. घरच्यांची बोलणी खाऊन लोक यायचे, ते काय पाकिटासाठी? पदावर असलं की एमआयडीसीतला साहेब फोन उचलतो, चार कंपन्यांत ओळख होते. ते पुरेसं आहे.

तीन_लेथ
काका, मग मोबदला आत्ताही आहेच की. फक्त तो व्हाउचरवर दिसत नाही. साहेबाने फोन उचलल्यावर काम संघटनेचं सांगितलं की स्वतःच्या प्लॉटचं, हे सभासदांना कळणार कसं? भत्ता निदान ताळेबंदात दिसेल.

निवृत्त_टूलरूम
हा आरोप आहे. आणि तुम्ही स्वतः कधी उभे राहिलात?

पावडर_कोटिंग
काकांचा राग समजू शकते, पण दोघंही मूळ अडचणीला हात लावत नाही आहात. आमच्याकडे बैठक रात्री साडेआठला, हॉटेलात, जेवणासकट. अकरा वाजता चाकणच्या बाजूला एकटीने परत जायचं. मला भत्ता नको, बैठक दुपारी चारला घ्या आणि विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवा. जेवणही नको.

संघटना हवी मात्र नक्की. एका बड्या गिऱ्हाइकाने माझं बिल शंभर दिवसांवर लोंबकळत ठेवलं होतं. २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायदा म्हणतो की करारात काहीही लिहा, ४५ दिवसांच्या वर मुदत नेता येत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची सोयही आहे. पण माझ्या नावाने तक्रार गेली की पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, बंद, हे कोण सांगणार? वीस पुरवठादारांच्या वतीने, नावं न घेता, लेटरहेडवर पत्र गेलं तर गोष्ट वेगळी. असं पत्र लिहायला कार्यकारिणीत कुणालाच उसंत नव्हती. की इच्छा नव्हती? तेच गिऱ्हाईक अध्यक्षांचंही होतं म्हणे.

हिशेबनीस_शनिवार
ताई, त्या पत्रात आयकराचाही मुद्दा घाला. २०२४-२५ आकारणी वर्षापासून नियम आहे की सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे, सेवा देणाऱ्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजावटीला मिळतो. मार्चमध्ये खरेदीदाराच्या अकाउंट्स विभागाला हे वाक्य बरोबर समजतं. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) मात्र हवी.

आता भत्त्याबद्दल. आधी संस्थेची घटना उघडा. तरतूद नसेल तर घटनादुरुस्ती, म्हणजे सर्वसाधारण सभा आणि मग धर्मादाय कार्यालय. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संघटनेत कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज दोन-दोन कार्यकारिण्या मागे अडकलेला असतो आणि मग बँक सह्या बदलून देत नाही. हे काम हौशी माणसाकडून होत नाही, भत्ता दिलात तरी नाही. त्यापेक्षा अर्धवेळ पगारी कार्यालयीन माणूस ठेवा. पुण्यातली उद्योजकांची जुनी संघटना, मराठा चेंबर, १९३४ पासून चाललीय, तिथेही रोजचं काम पगारी मंडळीच करतात.

सीएनसी_बंड्या
कशाला घटना आणि बदल अर्ज? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरे. आमच्या ग्रुपवर मागच्या महिन्यात ठरलं, व्हीएमसी मशीनवरच्या (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरच्या) कामाचा तासाचा दर अमुकच्या खाली कुणी घ्यायचा नाही. एका मेसेजमध्ये काम झालं. संघटनेला जमलं असतं का?

हिशेबनीस_शनिवार
बंडोपंत, तो मेसेज वकिलाला दाखवा. एकाच धंद्यातल्यांनी मिळून दर ठरवणं म्हणजे २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ चा भंग. संघटनेचा ठराव असो की ग्रुपवरचा अंगठा, फरक पडत नाही. स्पर्धा आयोगाने औषध विक्रेत्यांच्या संघटनांना दंड केलेत, काही प्रकरणांत पदाधिकाऱ्यांना व्यक्तिशः सुद्धा. 'मी तर फुकट काम करत होतो' हा बचाव होत नाही.

सीएनसी_बंड्या
ॲडमिन मी नाहीये, एवढं नोंदवून ठेवतो.

तीन_लेथ
हिशेबनीसांचं पटलं: पगारी माणूस आधी. ताईंचं दुपारी चारचंही पटलं. पण भत्त्याचा मुद्दा मी सोडत नाही. चारला बैठक म्हणजे छोट्याच्या शिफ्टचे दोन तास गेले, ते कोण भरून देणार? उलट, आपल्याला दंडाची जोखीम फुकट घ्यायला सांगताय हे आता लोकांना कळलं, तर उरलेसुरलेही उभे राहणार नाहीत. वार्षिक सभेत ठराव मांडतोय. आणि हो काका, या वेळी अर्जही भरतोय.

निवृत्त_टूलरूम
जरूर भरा. मत देईन. ठरावाच्या विरोधात मात्र बोलणार.

मूक_सभासद
वर्गणी वाढणार का, तेवढं सांगा.

तीन_लेथ
वाढेल.