वासालोपेट: १९२४ च्या बंदीला काळाची सबब पुरते का?

धागाकर्ती: स्वीडनमधील वासालोपेट ही सेलेन ते मोरा अशी ९० किलोमीटरची स्की शर्यत आहे. वृत्तपत्राचे संपादक अँडर्स पेर्स यांनी १९२२ च्या फेब्रुवारीत तिची कल्पना मांडली आणि १९ मार्चला ती भरलीसुद्धा. बावीस वर्षांचा एर्न्स्ट आल्म ७ तास ३२ मिनिटे ४९ सेकंदांत पहिला आला. पुढच्याच वर्षी मार्गिट नॉर्दिन या व्यायामशिक्षिकेने दहा तासांहून थोड्या अधिक वेळात ती पूर्ण केली. १९२४ मध्ये मात्र स्त्रियांना मनाई झाली आणि ती १९८१ पर्यंत टिकली. माझ्या मते हा या शर्यतीच्या आरंभकाळावरचा सर्वांत मोठा डाग आहे.

प्रतिसाद १: आपला संताप समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकनंतर स्त्रियांची ८०० मीटरची धाव वगळली गेली आणि ती १९६० मध्येच परत आली. जिथे दोन फेऱ्यांची धावसुद्धा स्त्रीला झेपणार नाही असे जाणती माणसे म्हणत होती, तिथे नव्वद किलोमीटर बर्फ तुडवण्याबाबत एका नवख्या शर्यतीने सावध राहणे स्वाभाविक होते. शिवाय शर्यत ज्यांच्या स्मरणार्थ आहे ते, पुढे स्वीडनचे राजे झालेले गुस्ताव वासा आणि त्यांना परत आणायला गेलेले दोघे, सगळे पुरुषच होते.

धागाकर्ती: ॲमस्टरडॅमचे उदाहरण चार वर्षांनंतरचे आहे. मोरामध्ये तर अंदाज बांधण्याची गरजच उरली नव्हती, कारण एक स्त्री सर्वांसमक्ष अंतिम रेषा ओलांडून गेली होती. पुरावा हाती नसताना घातलेली बंदी आणि पुरावा पाहिल्यावर घातलेली बंदी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. स्मरणाचेच म्हणाल, तर आख्यायिका काय सांगते? डेन्मार्कच्या राजाविरुद्ध उठण्याचे गुस्तावांचे आवाहन मोराच्या लोकांनी आधी नाकारले. त्या राजाने स्टॉकहोममध्ये घडवलेल्या कत्तलीची खबर आल्यावर त्यांना पश्चात्ताप झाला आणि नॉर्वेकडे निघालेल्या गुस्तावांना परत आणण्यासाठी त्यांनी दोन स्कीपटू पाठवले. हा मार्ग चुकीचा नकार मागे घेतल्याचा आहे.

प्रतिसाद २: मी पहिल्या प्रतिसादाच्या बाजूने लिहिणार होतो, पण आधी पुरावा, मग बंदी हा क्रम वाचून थांबलो. तरीही पेर्स यांना यात ओढू नये, कारण त्यांनी सुचवली ती शर्यत, बंदी नव्हे.

धागाकर्ती: हे मान्य आहे. माझा आक्षेप १९२४ च्या निर्णयावर आणि त्यानंतरच्या सत्तावन्न वर्षांवर आहे.