प्रोलॅक्टिन ३८ आलंय, तपासणी पुन्हा करू का?

मैत्रिणींनो, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

वय २९. वर्षभर पाळी ४५-५० दिवसांनी येतेय. हनुवटीवर राठ केस उगवतायत, डोक्यावरचे गळतायत (उलट असतं तर तक्रार नव्हती). सासूबाई म्हणतात वजन उतरव, आई म्हणते थायरॉइड बघ. शेवटी एका लॅबचं सवलतीतलं हार्मोन पॅकेज डॉक्टरांना न विचारताच करून टाकलं. 'एकविसाव्या दिवशी या' म्हणाले, इमानेइतबारे गेले. तीनदा सुई टोचली, भोवळच आली.

टीएसएच (थायरॉइडची तपासणी) २.१, प्रोलॅक्टिन (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं, दुधाचं हार्मोन) ३८ (मर्यादा २५), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) किंचित जास्त, प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यावर वाढणारं हार्मोन) ०.४. नेटवर वाचून मेंदूत गाठ असल्याची खात्रीच पटली, तेव्हा नवऱ्याने मोबाइल काढून घेतला. औषधं तशी काही नाहीत, फक्त अ‍ॅसिडिटीची आणि केसांची गोळी. एमआरआय करावा लागेल का?

चिंचबोर: आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट केलीत का? पाळी लांबलेली असेल तर पहिलं तेच.

सुईवाली: मी लॅबमध्येच काम करते. ताई, 'फक्त' म्हणालात त्या दोन्ही गोळ्यांची पाकिटं बघा. अ‍ॅसिडिटीच्या गोळीत डोम्पेरिडोन (मळमळीवरचं औषध) असेल तर प्रोलॅक्टिन त्यानेच वाढतं. सुईच्या भीतीनेही थोडं वाढतं. मोठ्या गाठीत आकडा सहसा २०० च्या पुढे असतो. गोळी थांबवता येईल का ते डॉक्टरांना विचारा, किमान ३ दिवसांनी पुन्हा तपासा. उठल्यावर दोनेक तासांनी, जरा शांत बसून रक्त द्या. तरीही जास्त आलं तर मॅक्रोप्रोलॅक्टिन (प्रोलॅक्टिनचा मोठा, सहसा निरुपद्रवी प्रकार) बघतात, एमआरआयचा विचार त्यानंतर.

केसांच्या गोळीत बहुतेकदा बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) असतं. काही मशीनवर त्याने टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि टीएसएच खोटं कमी दिसतं. म्हणजे तुमच्या २.१ वरही मी विसंबणार नाही. तीही २-३ दिवस आधी बंद.

आणि एकविसावा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा हिशोब! प्रोजेस्टेरॉन पुढची पाळी यायच्या साधारण ७ दिवस आधी बघतात. ४८ दिवसांच्या चक्रात २१ व्या दिवशी ०.४ येणारच. पॅकेजवाल्यांना हे कोण सांगणार.

पाळी अनियमित आणि राठ केस, म्हणजे पीसीओएसच्या (बीजांडकोशाशी निगडित हार्मोनच्या बिघाडाच्या) तीन निकषांपैकी दोन तुमच्यात दिसतातच. पण थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा बिघाड दाखवणारं हार्मोन) यांची गडबड नाही हे आधी पाहावं लागतं. यातली १७-ओएचची तपासणी पॅकेजमध्ये दिसत नाही. ती आणि एफएसएच, एलएच (बीजांडकोशाला चालना देणारी हार्मोन्स) पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी. शुगरही करून घ्या. यादी मात्र गायनॅककडून लिहून आणा.

धागाकर्ती: पाकिटं काढली. एकावर डोम्पेरिडोन, दुसऱ्यावर बायोटिन १० मिलिग्रॅम! प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. सोमवारी गायनॅककडे जातेय, दोन्ही पाकिटं पर्समध्ये टाकली आहेत. मोबाइलही परत मिळाला.