मदत हवी आहे: टाकीतल्या एंजल माशांची जोडी नर-मादी आहे की दोन्ही माद्याच?

जोडी पान साफ करते, अंडी घालते, पंखांनी पाणी ढवळत राखण करते. पण दरवेळी सगळी अंडी दुसऱ्या दिवशी पांढरी पडतात. फलित अंडी मधाळ, पारदर्शक राहतात आणि २७-२८ अंशांना साधारण अडीच दिवसांत फुटतात. पांढरेपणा आधी येतो आणि कापसासारखे तंतू नंतर, म्हणून मूळ दोष बुरशीचा वाटत नाही.

कपाळाच्या उंचवट्यावर भरवसा नाही. चांगल्या पोसलेल्या मादीलाही तो येतो. खरी खूण म्हणजे अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली दिसणारी नळी: मादीची जाड, बोथट, नराची बारीक, टोकदार. इथे एकाची नक्की बोथट आहे. दुसऱ्याची अधलीमधली, बाजूने बोथट दिसते, समोरून टोकदार. तोही अंड्यांच्या ओळींवरून पोट घासत जातो, पण मागे नवी अंडी चिकटतात का, ते पानाच्या बाकामुळे दिसत नाही.

पाणी बोअरचं, जड आहे. जड पाण्यात नर असूनही फलन बिघडू शकतं, हीच खरी अडचण! पान काढून काचेजवळ पाटीचा सपाट तुकडा उभा करावा आणि दुसऱ्यावर लक्ष ठेवावं, की आधी निम्मं आरओचं पाणी मिसळून पाहावं? दोन्ही एकदम केलं तर कारण कळणार नाही. नळीचे जवळून घेतलेले फोटो कुणाकडे असतील तर कृपया टाका.